काळं ऑइल, गोरं ऑइल

माणगावहून घोणसे घाट उतरून येणारी गाडी असो नाहीतर श्रीवर्धन, दिघीकडून येणारी, म्हसळ्यात शिरली की माझ्या गॅरेजच्या दारावरूनच जाते. त्यामुळे गिऱ्हाइकाची वाण नाही. गिऱ्हाईक कुठलंही असो, गाडी खड्ड्यावर घेतली की पहिला प्रश्न ठरलेला, "ऑइल कुठलं टाकताय?" दुसरा, "किती हजार चालेल?" यावर मी उलट विचारतो की गाडी असते कुठे, चालते कशी, उभी किती राहते? हे विचारलेलं बऱ्याच जणांना आवडत नाही. ऑइल बदलायला आलोय, चौकशीला नाही, असं तोंडावर दिसतं.

एकाच कंपनीची, एकाच वर्षाची पांढरी व्हॅन म्हसळ्यात तीन घरी आहे असं समजा. पहिली सीएनजीवर म्हसळा–माणगाव शीट भरते. दुसरी सकाळ-दुपार शाळेची पोरं ने-आण करते, एका वेळी चार-पाच किलोमीटरच्या वर धावत नाही. तिसरी मुंबईकरांची. वाड्यात कव्हर घालून उभी असते आणि मालक गणपती, शिमगा, मे महिना असं मोजकं येतात तेव्हा बाहेर निघते. तिघींच्या पुस्तकात छापलंय एकच, दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष. पहिलीचे दहा हजार दोन-अडीच महिन्यांत होतात, दुसरीचे वर्षात निम्मेही होत नाहीत, तिसरीला ते गाठायला दुसरा मालक लागेल. आता तिघींना एक नियम कसा लावायचा?

पुस्तक लिहिणाऱ्यांना हे माहीत नसतं असं नाही. बहुतेक पुस्तकांत मुख्य तक्त्याच्या मागे आणखी एक पान असतं. वारंवार छोट्या फेऱ्या, धूळ, चिखलाचा खराब रस्ता, इंजिन चालू ठेवून उभं राहणं, ओझं ओढणं, असं असेल तर ऑइल लवकर बदला, असं त्या पानावर स्पष्ट लिहिलेलं असतं. आमच्या तालुक्यातली यच्चयावत गाडी त्या पानात बसते. गाडी विकणारा मात्र ते पान कधी उघडून दाखवत नाही. 'दहा हजाराला एकच सर्व्हिस' हे ऐकायला बरं लागतं.

मी हे काम मुंबईत शिकलो, नागपाड्याच्या एका गल्लीत. वस्तादांचा नियम सोपा होता, दोन-अडीच हजार झाले की काढ. ऑइल एकच, २०डब्ल्यू-४०, पिंपातून मापाने. पद्मिनी टॅक्सी असो की मॅटाडोर, सगळ्यांना तेच. इथे परत आलो तेव्हा रस्त्यावर विक्रम आणि मिनिडोर होत्या, जीप होत्या, आणि त्यांचे मालक वस्तादांपेक्षा कडक होते. ऑइल जरा काळं दिसलं की 'बदल'.

त्या काळी त्यात शहाणपण होतं. डिझेलमध्ये गंधक असतं. ते जळलं की त्याचं आम्ल होतं आणि ते आम्ल रिंगांवरून झिरपून इंजिनाच्या तळच्या चेंबरमधल्या ऑइलमध्ये उतरतं. ऑइलमध्ये कॅल्शियम-मॅग्नेशियमची जी अल्कली मिसळलेली असते ती हे आम्ल मारते आणि मारता मारता स्वतः संपते. संपली की बेअरिंग खाल्ली जातात. २००० साली देशभर डिझेलमधल्या गंधकाची मर्यादा दहा लाख भागांत अडीच हजार होती. १ एप्रिल २०२० पासून, म्हणजे बीएस-६ आल्यावर, ती दहा आहे. अडीच हजारावरून दहा! त्यामुळे वस्तादांचा नियम आज जसाच्या तसा चालवणं म्हणजे चांगलं ऑइल गटारात ओतणं. पण गंधक गेलं म्हणून बाकीची घाण गेली असं नाही. काजळी आहे, पाणी आहे, न जळलेलं इंधन आहे आणि उष्णतेने खुद्द ऑइलच शिजतंय.

इथे रंगाचा घोळ सुरू होतो. डिझेल गाडीत सकाळी नवीन ऑइल भरलं तर संध्याकाळी गेजची काडी काळी निघते. मालक तावातावाने परत येतो, "शेठ, जुनंच टाकलंत का?" त्याला समजवावं लागतं की ऑइलचं कामच ते आहे. काजळी पकडायची, तिचे कण एकमेकांना चिकटू द्यायचे नाहीत, अंगात तरंगत ठेवायचे आणि नट उघडला की सगळं घेऊन बाहेर पडायचं. काळं झालं म्हणजे काम करतंय. ज्या जुन्या डिझेलमध्ये ऑइल बरेच हजार चालूनही गोरं राहतं तिथे मला जास्त भीती वाटते, कारण मग काजळी इंजिनात कुठेतरी बसून राहिलेली असते.

सीएनजीचं अगदी उलट. गॅस जळताना काजळी जवळजवळ होत नाही, म्हणून ऑइल दिसायला शेवटपर्यंत छान. स्टँडवरचा एक इकोवाला दर वेळी काडी माझ्या नाकासमोर धरतो.

"भाई, बघा, अजून गोरं आहे. कशाला काढताय?"

"वास घे."

"वास काय घ्यायचा?"

घेतला की त्याचा चेहरा बदलतो. करपलेला, आंबूस. गॅसची ज्वाला गरम, त्यात तयार झालेले नायट्रोजनचे वायू ऑइलशी जुळतात, ऑइल घट्ट होत जातं आणि टॅपेट कव्हरच्या आत पिवळा-तपकिरी थर धरतो. काडीच्या दांड्यावरही तो थर दिसतो, नखाने खरवडला तरी निघत नाही. डोळ्याला फसवणारं ऑइल हेच. सीएनजीवर शीट भरणाऱ्यांना मी सात-साडेसात हजारांपुढे जाऊ देत नाही, रंग कसाही असो.

डिझेलसाठी एक जुनी चाचणी मी अजून करतो आणि ती कोणालाही घरी करता येईल. हायस्कूलमधले विज्ञानाचे सर मला प्रयोगशाळेतले गाळणकागद देतात. इंजिन गरम झालं की बंद करायचं, काडी काढून तिच्या टोकाचा एक थेंब कागदाच्या मधोमध सोडायचा. कागद डब्याच्या तोंडावर आडवा ठेवायचा, थेंबाखाली काही टेकता कामा नये. दोन-चार तास हात लावायचा नाही. ऑइल धड असेल तर काजळी तेलाबरोबर बाहेरपर्यंत पसरते, करडं वर्तुळ होतं आणि काठाकडे फिकं होत जातं. ऑइल थकलं असेल तर काजळी मधेच बसते. दाट काळा ठिपका, त्याला धारदार कड, आणि बाहेर नुसतं पिवळं तेल. पाणी शिरलं असेल तर कड दातेरी होते. डिझेल उतरलं असेल तर सगळ्यात बाहेर एक फिकं, रुंद कडं येतं. हा कागद समोर ठेवला की वाद संपतो. वीस मिनिटं बोलून जे पटत नाही ते तो एक डाग पटवतो. सीएनजीला मात्र तो निकामी, काजळीच नाही तर पसरणार काय.

किलोमीटरच्या काट्यावरचा माझा विश्वास पुरता उडाला तो निसर्ग वादळानंतर. ३ जून २०२० ला ते श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आलं. नारळी-पोफळी आडव्या झाल्या, पत्रे उडाले, विजेचे खांब तर रांगेने पडले. कितीतरी गावांत पुढे आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. मुंबईहून लोकांनी छोटे जनरेटर आणले. पाणी चढवायला, मोबाइल चार्ज करायला, कोणाचा फ्रीज, कोणाचं क्लिनिक. त्या दिवसांत माझ्या दारात गाड्यांपेक्षा जनरेटर जास्त होते. जनरेटरला किलोमीटर नसतात. पुस्तकात लिहिलेलं असतं, पहिलं ऑइल वीस तासांनी, मग दर शंभर तासांनी. या छोट्या यंत्रात ऑइल अर्धा-पाऊण लिटर आणि बहुतेकांना ऑइल फिल्टरच नाही, म्हणजे जी घाण होईल ती तिथेच फिरणार. दिवसाला दहा तास चालवला तर शंभर तास दहा दिवसांत संपतात. लोक महिना-महिना त्याच ऑइलवर चालवत होते आणि वर म्हणत होते, "नवाच तर आहे."

तेव्हापासून गाडीचेही तास मोजायची सवय लागली. हिशोब साधा आहे. हायवेवर ताशी सरासरी साठने जाणारी गाडी दहा हजार किलोमीटर कापते ते एकशे सदुसष्ट तासांत. आमच्याकडे घाट, वळणं, खड्डे, बाजारातली कोंडी आणि शिटांची वाट बघत इंजिन चालू ठेवून उभं राहणं धरलं तर सरासरी पंचवीसची. तेच दहा हजार, पण चारशे तास. काट्यावर आकडा एकच, इंजिनाने काम केलं दुपटीहून जास्त. ट्रॅक्टर, जेसीबीला कंपनीच तासांचा काटा बसवून देते. प्रवासी गाडीला का देत नाही, कोण जाणे.

उभ्या गाडीची गोष्ट वेगळी आणि पावसाळ्यात तर फारच वेगळी. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं. विश्वास बसत नाही, पण तसं आहे. ते वाफ होऊन सायलेन्सरने जातं, थोडं रिंगांवरून चेंबरमध्ये येतं. इंजिन नीट तापलं आणि तापलेलं राहिलं की तीही वाफ निघून जाते. तापायच्या आतच बंद केलं तर ते पाणी ऑइलमध्ये राहतं. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, चार महिने हवाच ओली. ऑगस्टमध्ये ऑइलची कॅप उघडली की आतून पांढरट-पिवळी साय निघते. लोकांच्या पोटात गोळा येतो, 'हेड गॅस्केट गेलं!' इंटरनेटवर तेच वाचलेलं असतं. मी आधी काडी बघतो, मग रेडिएटरची बाटली. काडीवर ऑइल स्वच्छ असेल आणि कूलंट कमी होत नसेल तर गॅस्केटला काही झालेलं नाही. इथल्याच एका डॉक्टरांची गाडी घर ते दवाखाना एवढीच धावायची, साय दर पावसाळ्यात ठरलेली. त्यांना सांगितलं, आठवड्यातून एकदा माणगावपर्यंत जाऊन या. डॉक्टर म्हणाले, "औषध काही नाही?" म्हटलं हेच औषध, घाट चढताना इंजिन तापू द्या. साय गेली. ऑइल मात्र त्यांना सहा महिन्यांनी बदलायला लावतो, किलोमीटर कितीही कमी होवोत.

मुंबईकरांच्या उभ्या गाडीला आणखी एक शत्रू असतो, तो म्हणजे प्रामाणिक राखणदार. "शेठ, दर रविवारी पाच मिनिटं चालू करतो, बॅटरी उतरायला नको." पाच मिनिटांत ऑइल तापत नाही. त्या पाच मिनिटांचं पाणी आणि न जळलेलं पेट्रोल तेवढं खाली जातं. एक तर अर्धा तास फिरवून आणा, नाहीतर बॅटरीची वायर काढून ठेवा. मधलं काही करू नका.

एवढं जपलं नाही तर काय होतं ते एकदा नीट बघितलेलं बरं. दिघीकडच्या मासळीच्या एका व्यापाऱ्याची छोटी डिझेल गाडी आली. सकाळी चालू केली की साखळीची खळखळ, आणि गरम झाल्यावर स्लोला ऑइलचा लाल दिवा मिचमिचायचा. टॅपेट कव्हर उघडलं. कॅमशाफ्ट दिसायला हवा तिथे काळी, ओली खरवड. बोट घातलं तर पेरभर आत गेलं. चेंबर उतरवला. तळाला गाळ, आणि ऑइल खेचणाऱ्या नळीच्या तोंडची जाळी तीन हिस्से बुजलेली. पंप बिचारा उरलेल्या एक हिश्श्यातून ओढत होता. या इंजिनांत टायमिंगची साखळी ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. दाब आला नाही की साखळी ढिली, ती एखादा दात उडाली की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. टर्बोचं बेअरिंगही त्याच ऑइलवर. आणि सगळा कारभार तीन-सव्वातीन लिटरचा.

मालकाला विचारलं, ऑइल शेवटचं कधी बदललं?

"कमी झालं की टाकतोच की! कधी कमी पडू दिलं नाही."

टाकत होता, काढत नव्हता. वर्षानुवर्षं. घाण तरंगत ठेवायची ताकद संपलेल्या ऑइलमध्ये लिटरभर नवं घातलं की ते नवंही महिन्याभरात त्याच वळणावर जातं. असं फक्त आपल्याकडे होतं असंही नाही. २००२ साली टोयोटाने अमेरिकेत १९९७ ते २००२ दरम्यानच्या सुमारे तेहतीस लाख गाड्यांसाठी याच गाळाच्या दुरुस्तीची खास हमी जाहीर केली होती. मालक म्हणत आम्ही ऑइल बदलतो, कंपनी म्हणे वेळेवर बदलत नाहीत. शेवटी खर्च कंपनीने उचलायचं ठरवलं. आमच्या व्यापाऱ्याचा कोण उचलणार?

अशा वेळी बाजारात मिळणारं फ्लश ओता, दहा मिनिटं चालवा आणि काढा, असा सल्ला सगळे देतात. जुने मेकॅनिक त्या जागी डिझेल किंवा रॉकेल घालायचे. इंजिन मुळात स्वच्छ असेल तर त्याने काही बिघडत नाही आणि काही साधतही नाही. गाळ भरलेल्या इंजिनात मात्र एकदम सुटलेली ढेकळं जाळीवर जाऊन बसतात, आणि थोडं फ्लश आतल्या खाचाखोचांत राहून नव्या ऑइलला पातळ करतं ते वेगळंच. ती गाडी हाताने साफ केली. प्लास्टिकची पट्टी, ब्रश, रॉकेल, चिंध्या, जाळी नवीन. मग योग्य ग्रेडचं साधंच ऑइल भरून हजार किलोमीटरला काढलं, फिल्टरसकट, पुन्हा तीन हजाराला. आतला उरलेला थर ऑइलने स्वतःच हळूहळू सोडवला. काम कंटाळवाणं, पण इंजिन साफ करायला चांगल्या ऑइलइतकं चांगलं दुसरं काही मला सापडलेलं नाही.

ग्रेडबद्दल मी पुस्तकाच्या शब्दाबाहेर जात नाही. वेळेच्या बाबतीत पुस्तकावर शंका घेतो, जाडीच्या बाबतीत नाही. नव्या पेट्रोल गाड्यांना ०डब्ल्यू-२०, ०डब्ल्यू-१६ ऑइल लागतं, पाण्यासारखं दिसतं, आणि जुने ड्रायव्हर ते बघून हादरतात. "म्हसळ्यात काय बर्फ पडतो का? जरा जाडं टाका." बर्फ पडत नाही, पण सकाळचं थंड इंजिन म्हसळ्यातही थंडच असतं. पहिल्या काही सेकंदांत ऑइल कॅमपर्यंत पोचलं पाहिजे, आणि या इंजिनांतल्या वाटा पातळ ऑइलच्या मापानेच केलेल्या आहेत. व्हॉल्व्हची वेळ पुढेमागे करणारी यंत्रणाही ऑइलच्या दाबावर चालते. तिथे २०डब्ल्यू-४० घातलं की गाडी जड, पिकअप मेलेला. जाडं ऑइल लागतं ते धूर लपवून गाडी विकणाऱ्याला.

बीएस-६ डिझेलचा मामला आणखी नाजूक. सायलेन्सरमध्ये काजळी पकडणारा फिल्टर असतो आणि त्याला कमी राखेचं ऑइल लागतं, डब्यावर एसीईए सी-२ किंवा सी-३ असं लिहिलेलं. ट्रकचं ऑइल 'भारी' म्हणून त्यात ओतलं तर त्याची राख त्या फिल्टरमध्ये साठते आणि ती जळत नाही. शिवाय काजळी जाळण्यासाठी गाडी मधूनमधून जास्तीचं डिझेल सोडते. छोट्या फेऱ्यांत ते काम अर्धवट राहिलं की डिझेल चेंबरमध्ये उतरतं आणि काडीवर पातळी वर चढते. मालक खूश, 'आपली गाडी ऑइल खात नाही, उलट वाढतंय!' काडीवर पातळी वरच्या खुणेच्या पुढे गेली की मी तारीख बघत नाही, किलोमीटर बघत नाही, नट उघडतो.

रिकामे डबे मी स्क्रूड्रायव्हरने भोसकूनच भंगारात देतो. चांगल्या कंपनीचा अखंड डबा भंगारवाल्याकडे गेला की तो कुठे, काय भरून परत येईल याचा भरवसा नाही. गिऱ्हाइकासमोर सील तोडायचं, गिऱ्हाइकासमोर भोसकायचं. काही जण तो डबा पाणी भरायला मागतात, त्यांनाही भोसकूनच मिळतो.

राहतं जळकं ऑइल. आमच्याकडे ते फुकट मागायला येणारे पुष्कळ. वाशांना, दरवाज्यांच्या चौकटींना वाळवी लागू नये म्हणून, कुंपणाच्या खांबांना, होडीच्या तळाला. पूर्वी सगळी गॅरेजं द्यायची. त्यात झिजलेल्या धातूंचे कण असतात, न जळलेलं इंधन असतं, आणि पहिल्या पावसात ते खांबावरून उतरून विहिरीच्या वाटेला लागतं. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत ते मोडतं, परवाना असलेल्यालाच द्यायचं असतं. मी पिंपात साठवतो आणि पिंप भरलं की परवानावाल्याला फोन करतो. शेजारच्या वाडीतले एक आजोबा दर मे महिन्यात डबा घेऊन येतात, मी नाही म्हणतो. काजूच्या टरफलाचं तेल लावा, जुनी माणसं तेच लावायची, असं त्यांना सांगून झालं. ते म्हणतात, "त्याचा भाव विचारलास का कधी?" विचारला. त्यांचं बरोबर आहे, आणि ते पुढच्या मे महिन्यात पुन्हा येतील.